वहीतला ‘कुणामुळे’चा रकाना

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, आठवड्यातून तीनदा मी लातुरात डायलिसिसला जातो. सकाळची पहिली पाळी माझी. आधी वजनकाट्यावर उभं राहायचं, मागच्या वेळेपासून अंगात किती पाणी साठलंय ते बघायचं, डाव्या हाताच्या फिस्टुल्यात, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेत, दोन जाड सुया टोचून घ्यायच्या आणि चार तास पडून राहायचं. या उपचारासोबत रोज रात्री मी एक वही लिहितो. त्या वहीमुळे माझी झोप परत आली आणि घरातलं बोलणंचालणं परत आलं. ‘आज नको जायला’ असं प्रत्येक डायलिसिसवाल्याला कधी ना कधी वाटतंच. तसं वाटल्यावरही उठून निघायचं बळ मला या वहीने दिलं. वॉर्डातले बरेच जण तिच्याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रात्रीचं सांगायला हवं, कारण वहीची गरज रात्रीच पडली. डायलिसिसच्या माणसाची झोप मुळातच मोडलेली असते. रक्तात फॉस्फरस वाढला की अंगाला खाज सुटते, आणि ती नेमकी दिवे मालवल्यावर जास्त जाणवते. पाय स्वस्थ राहत नाहीत, सारखे हलवावेसे वाटतात. मध्येच पोटरीत गोळा येतो आणि माणूस कळवळून उठून बसतो. यातलं काही नसलं तरी डोकं थांबत नाही. उद्या सुई नीट लागेल का, मशीनवर असताना प्रेशर पडेल का, मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या फीचं काय, मी किती दिवस पुरणार. घड्याळात दोन वाजलेले बघायचे, मग तीन. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी म्हणून वावरलेला माणूस मी, पोरांना शिस्त लावली. पण रात्रीच्या या विचारांना शिस्त लावायला माझ्याकडे काही नव्हतं.

माझी पुतणी पुण्यात मानसशास्त्रात एम. ए. करत होती. दिवाळीला आली, माझे डोळे बघितले आणि दुसऱ्या दिवशी लातूरच्या गोलाईतल्या बाजारातून एक ऐंशी पानी वही घेऊन आली. म्हणाली, “काका, रोज झोपायच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या. आज घडलेल्या आणि बऱ्या वाटलेल्या. देवाची कृपा, कुटुंबाचं प्रेम असलं मोठं काही लिहायचं नाही. डोळ्यांनी बघितलेलं, हाताने चाचपलेलं लिहायचं. आणि प्रत्येकीपुढे ‘का घडली’ तेही लिहायचं.” मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला होता, असं तिने सांगितलं. लोकांनी फक्त एक आठवडा असं लिहिलं, तरी सहा महिन्यांनंतरही त्यांचं मन आधीपेक्षा बरं होतं. बरेच जण सांगितलेला आठवडा संपल्यावरही आपल्या मनाने लिहीत राहिले होते.

मी मास्तर असल्यामुळे वही आखून घेतली. तीन रकाने पाडले : काय, का, आणि तिसरा मी माझा घातला, कुणामुळे.

सुरुवातीच्या दिवसांतलं एक पान इथे उतरवतो.

काय : सुई पहिल्याच टोचणीला लागली. का : टोचायच्या आधी बोटाने फिस्टुल्याची थरथर चाचपली, मागच्या जागेपासून थोडं अंतर सोडून टोचली. कुणामुळे : सकाळच्या पाळीच्या सिस्टर.

काय : दुपारी तहान भागली. का : फ्रीजमध्ये लिंबाचा थेंब टाकून बर्फाचे बारीक खडे करून ठेवले होते, एकच खडा चघळला आणि घोटभर पाण्याचं काम झालं. कुणामुळे : बायको.

काय : घरी येताना चक्कर आली नाही. का : रिक्षा अगदी फाटकापर्यंत आत आणली, उन्हात चालावं लागलं नाही. कुणामुळे : चौकातला रिक्षावाला, त्याचं नाव मला माहीत नाही.

या शेवटच्या ओळीने मला हलवलं. हा माणूस आठवड्यातून तीनदा मला घरी सोडतो, आणि त्याचं नाव मला माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला विचारलं. तोही मोकळा झाला. त्याच्या आईलाही किडनीचा त्रास होता, म्हणूनच तो रिक्षा आतपर्यंत आणायचा. तिसरा रकाना आखला नसता तर हे मला कधी कळलंच नसतं.

‘का’ हा प्रश्न मी एका पायरीवर सोडला नाही. पोरांना शिकवताना सोडत नव्हतो, स्वतःला तरी का सोडावा? एका बुधवारी लिहिलं : आज मशीन एकदाही वाजली नाही. का? पाणी चांगलं होतं. मग पाणी कुठून येतं, हे विचारायला मी पुढच्या पाळीला टेक्निशियनच्या मागे लागलो. डायलिसिस संपल्यावर, हाताची पट्टी दाबून धरत, त्याने मला आरओची, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची, खोली दाखवली. वाळूचा फिल्टर, कोळशाचा फिल्टर, पाणी मऊ करणारी टाकी, तिच्यात टाकायच्या मिठाच्या गोण्या, आणि मग आरओचे लांब पांढरे नळकांडे. तो पोरगा रोज पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी येतो आणि पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते तपासतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपण पितो तेव्हा चालतं, पण ते डायलिसिसच्या पाण्यात राहिलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. आम्ही सगळे घरी चहाची वाट बघत असतो, तेव्हा हा पोरगा तिथे एकटा परीक्षानळी उजेडात धरून रंग बघत उभा असतो.

त्याने सांगितलेला हिशोब ऐकून मी गप्प झालो. मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव वाहतो. चार तासांचे १२० लिटर. एका माणसाला एका वेळेला १२० लिटर शुद्ध पाणी, आणि ते शुद्ध करताना वाया जाणारं वेगळंच.

लातूरच्या माणसाला हा आकडा काय वाटतो, ते दुसरीकडच्यांना कळणं अवघड आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलात मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. सुमारे ३४० किलोमीटरवरून ‘जलदूत’ पाणी घेऊन येत होती आणि आम्ही ती बघायला गेलो होतो. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात भांडी धुतलेलं पाणी झाडाला, आणि अंघोळीचं पाणी संडासाला. त्याच गावात आज मी एकटा आठवड्याला साडेतीनशे लिटरच्या वर शुद्ध पाणी अंगाशी वाहू देतो. मला स्वतःला मात्र दिवसाला घोट मोजून प्यावं लागतं. त्या रात्री वहीतला तिसरा रकाना पुरला नाही. धरण, पाइप, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, आरओवाला पोरगा, आणि त्या उन्हाळ्यात ज्यांनी आपलं पाणी आम्हाला दिलं ती कृष्णाकाठची माणसं.

हीच साखळी मागे नेत गेलो तर ती विलेम कोल्फ या डच डॉक्टरपर्यंत जाऊन पोचली. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन नावाच्या लहान गावच्या रुग्णालयात त्यांनी पहिलं चालणारं डायलिसिसचं यंत्र बनवलं. सॉसेजसाठी वापरतात तो सेलोफेनचा नळा त्यांनी लाकडी ढोलावर गुंडाळला आणि ढोल टबात फिरवला. सुरुवातीचे बहुतेक सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि पुढे जगली. युद्धानंतर कोल्फ यांनी आपली यंत्रं दुसऱ्या देशांतल्या रुग्णालयांना देऊन टाकली. कुणामुळे, या रकान्यात मी एकदा त्यांचं नाव लिहिलं, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली. इतक्या अपयशानंतरही एका माणसाने काम सोडलं नाही म्हणून मी आज श्वास घेतोय, हे मनात घेऊन पाठ टेकली की ‘मी किती दिवस पुरणार’ हा प्रश्न जरा मागे सरतो.

झोपेचं असं का झालं असावं, याचं उत्तर पुतणीने दिलं ते पटण्यासारखं आहे. ॲलेक्स वुड या ब्रिटिश संशोधकाने सहकाऱ्यांसोबत २००९ साली दाखवलं की कृतज्ञ स्वभावाच्या माणसांना झोप बरी लागते, कारण अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या डोक्यात काळजीचे विचार कमी आणि बरे विचार जास्त असतात. माझं तंतोतंत तेच झालं. दिवे मालवण्याआधी पंधरा मिनिटं मी दिवसातलं बरं काय ते हुडकत असतो, त्यामुळे डोकं त्या वाटेला लागतं. खाज सुटतेच, पण पूर्वी खाजेसोबत काळजी उठून बसायची, ती आता बऱ्याच रात्री उठत नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकन संशोधकांचा २००३ चा अभ्यास तर आमच्यासारख्यांना अगदी जवळचा आहे. स्नायू आणि मज्जातंतूंचे दीर्घ आजार असलेल्या माणसांना त्यांनी २१ दिवस रोज उपकृत वाटलेल्या गोष्टी लिहायला लावल्या. ती माणसं जास्त वेळ झोपली, उठल्यावर ताजीतवानी वाटू लागली. त्यांच्या जोडीदारांनाही त्यांच्यात फरक दिसला. म्हणजे ज्यांचा आजार बरा होणारा नाही, त्यांच्यावरही हा उपाय चालला.

जोडीदाराचं निघालं म्हणून घरातलं सांगतो. आमच्यासाठी पालेभाजी आणि बटाटा नुसता शिजवून चालत नाही. चिरायचा, भरपूर पाण्यात भिजत घालायचा, ते पाणी फेकायचं, परत उकळायचा, तेही पाणी फेकायचं, तेव्हा कुठे त्यातलं पोटॅशियम कमी होतं. मीठ जेमतेम. असल्या भाजीला चव आणणं म्हणजे परीक्षाच. वहीत बायकोचं नाव रोज येऊ लागलं, तसं मला वाटलं की हे तिला माहीत नसणं बरोबर नाही. एका दुपारी जेवताना म्हटलं, “आज आमटीत मीठ नाही तरी चव आली, ती तू लसूण ठेचून फोडणीत करपू न देता घातलास म्हणून.” तिने ताट ठेवलं आणि म्हणाली, “इतक्या वर्षांत आज फोडणीवर बोललात तुम्ही.” डोळे भरले होते तिचे. तेव्हापासून मी ठरवलंय की ज्याचं नाव वहीत येईल त्याला ते सांगायचं, आणि नुसतं ‘थँक्यू’ नाही, तर नेमकं कशासाठी तेही सांगायचं. आरओवाल्या पोराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “सर, त्या खोलीत कुणी पेशंट येत नाही.” आता कधी कधी तोच येऊन आजचा रिपोर्ट सांगतो.

शरीरावर काय परिणाम झाला, हे लोक आधी विचारतात. खरं तेच सांगतो. माझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कळायचा रक्तातला आकडा, जिथे होतं तिथेच आहे. हिमोग्लोबिनचं इंजेक्शन घ्यावं लागतंच, जेवणासोबत फॉस्फरसच्या गोळ्या आहेतच, रक्तदाबाच्या गोळ्या आहेतच. किडनी वहीने सुधारत नाही आणि कुणी तसं सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं. फरक पडला तो झोपेत, आणि झोप सुधारल्यावर संध्याकाळी चालायला जाण्यात. ‘आज साडेतीन तासांतच काढा’ अशी घाई आमच्या वॉर्डात पुष्कळ जण करतात. ती अर्ध्या तासाची कपात फार महागात पडते, रक्त नीट शुद्ध होत नाही, पाणी साठतं. चार तासांमागे किती माणसं आणि किती पाणी आहे, हे मी रोज लिहीत असल्यामुळे अर्धा तास आधी सुटावं असं मला वाटेनासं झालं. पाणी पिण्याचंही तसंच. घोट मोजताना चिडचिड व्हायची, ती बरीच उतरली आणि दोन डायलिसिसच्या मधलं वजन डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत राहू लागलं.

संशोधनातही अशा उपायाचा परिणाम बेताचाच दिसतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कृतज्ञतेच्या अशा व्यायामांनी नैराश्य आणि चिंता थोडीशीच कमी होते असं दिसलं, आणि नैराश्याच्या रुग्णाने यावरच विसंबू नये असा सल्ला त्यांनी दिला. मी तो शिरोधार्य मानतो. डायलिसिसवर नैराश्य फार जणांना गाठतं आणि त्याला डॉक्टरांकडे जायलाच हवं. दुसरीकडे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ४९ हजारांहून जास्त वयस्क परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची कृतज्ञतेची भावना सर्वांत जास्त होती, त्यांच्यात पुढच्या सुमारे चार वर्षांत मृत्यूचा धोका ९ टक्क्यांनी कमी दिसला. त्यावरून वहीने आयुष्य वाढतं असं सिद्ध होत नाही. पण ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची शुश्रूषा केली त्यांच्यातच हे दिसलं, याचं मला समाधान वाटलं.

एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे. ‘तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतल्या लोकांकडे बघा आणि देवाचे आभार माना’ असं आजाऱ्याला सांगणारे खूप भेटतात. माझ्या वहीत हे लिहायला बंदी आहे. डायलिसिसच्या वॉर्डात वाईट अवस्थेतला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही, तो शेजारच्याच खाटेवर असतो. त्याचा पाय कापलेला बघून मी मला बरं म्हणायचं, तर उद्या माझं बघून तिसऱ्याने स्वतःला बरं म्हणावं का? मिळालेलं नीट बघायला दुसऱ्याचं गेलेलं मोजावं लागत नाही. आणि दुःखही दाबायचं नाही. ज्या दिवशी रडू येतं त्या दिवशी वहीत तेच आधी लिहितो, रकान्यांच्या बाहेर, पानाच्या वरच्या कोऱ्या जागेत.

तसं एक पान आहे. माझ्या शेजारच्या खाटेवर औसा तालुक्यातले एक शेतकरी असायचे. मला ‘गुरुजी’ म्हणायचे, सोयाबीनच्या भावापासून पोरांच्या लग्नापर्यंत सगळं बोलायचे. एका सोमवारी ते आले नाहीत. सिस्टरनी हळूच सांगितलं. त्या रात्री वरची कोरी जागा भरली, मागची बाजूही भरली. मग रकान्यात एकच गोष्ट लिहिली. काय : आज गोळा आला तेव्हा लगेच उतरला. का : पायाचा अंगठा हाताने वर ओढून टाच खाली दाबली. कुणामुळे : त्यांनी शिकवलं होतं. मी ही युक्ती आता नव्या येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो, आणि कुणाची आहे तेही सांगतो.

आमच्या लातूर-धाराशिवकडे येळवस असते, वेळ अमावस्या. मार्गशीर्षात अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटी, आत पांडवांचे दगड, काळ्या आईची पूजा, आणि ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत पिकावर आंबील शिंपडणं. भज्जी, उंडे आणि आंबील यांच्याविना येळवस नाही. वाटाणा, तूर, हरभरा आणि साऱ्या पालेभाज्यांची ती भज्जी डायलिसिसच्या माणसाला जवळजवळ विषासारखी, आणि आंबील म्हणजे पाणीच. पहिल्या वर्षी जायचं नाही असंच मनात होतं. थोरल्या भावाचा फोन आला, “तू जेवू नको, पण शिंपायला तरी ये.” गेलो. वहिनीने माझ्यासाठी दाणे दोनदा उकळून, पाणी काढून, चमचाभर भज्जी वेगळी केली होती. दोन दिवस आधीच तिने आहारतज्ज्ञांना फोन करून किती चालेल ते विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. चमचाभरच खाल्ली, जिभेवर धरून धरून खाल्ली. मग उजव्या हाताने आंबील शिंपत हरभऱ्याच्या कडेने चालत गेलो, दादा तांब्या घेऊन सोबत. जमिनीचे, बैलांचे, अवजारांचे उपकार आपली माणसं वर्षानुवर्षं सणाच्या दिवशी फेडत आली. मी ते रोजच्या रोज करतो, एवढंच माझ्या वहीत वेगळं आहे.

ज्यांना सुरू करायचंय त्यांच्यासाठी थोडं. एकच गोष्ट रोज रोज उतरवली की वही कोरडी पडते. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही, तो बहुधा याचमुळे. मी रोज लिहितो, पण कालची ओळ आज येऊ देत नाही. सुचलं नाही तर तीन सोडून एकच लिहितो. डायलिसिसच्या दिवशी रात्रीपर्यंत अंगात त्राण राहत नाही. त्या दिवशी मशीनवरच्या पहिल्या तासातच लिहून घ्यावं, नंतर प्रेशर उतरलं की अक्षर लागत नाही. सुयांचा हात अजिबात हलवायचा नसतो. म्हणून फिस्टुला करायच्या आधी डॉक्टरांना सांगून ठेवा की लिहिता हात मोकळा ठेवा. बहुतेक डॉक्टर तसंच करतात, तरी सांगितलेलं बरं.